पिंपळगाव राजाच्या वाटेवर

दोस्तांनो, भूगोलाचा नकाशा उघडा आणि त्यात बुलढाणा जिल्हा शोधा. नावात 'राजा' असलेली किती गावं सापडतात, बघू! सिंदखेड राजा तर तुम्हांला ठाऊकच आहे, जिजाऊंचं जन्मगाव. दुसरं देऊळगाव राजा. आणि तिसरं, ज्याचं नाव पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, ते पिंपळगाव राजा. आज आपण तिकडेच निघालोय.

मुंबई-नागपूर रेल्वेनं यायचं आणि जलंबला उतरायचं. जलंबहून खामगावला जाणारा एक छोटा फाटा आहे, जेमतेम १३ किलोमीटरचा. खामगावच्या कापसाच्या गाठी मुंबईकडे नेण्यासाठी हा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. एवढ्याशा अंतरासाठी स्वतंत्र रेल्वे, म्हणजे तेव्हा इथल्या कापसाचा केवढा दरारा असेल! खामगावला उतरून पश्चिमेची वाट धरली की दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन लागते. कपाशी, सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी. बोली बदलते. 'मला'चं 'मले' होतं, 'पाणी'चं 'पानी' होतं. डाव्या हाताला, दूर दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांची निळसर रेघ दिसत राहते. ही रेघ लक्षात ठेवा बरं का, आपल्या गोष्टीत तिचं काम आहे.

त्या डोंगरातून एक नदी खाली येते, ज्ञानगंगा. येताना ती ज्ञानगंगा अभयारण्यातून वाट काढते. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो मैल चालत २०१९ च्या डिसेंबरात जिथं पोचला, तेच हे अभयारण्य. पिंपळगाव राजा या नदीच्या काठचं. जवळच गेरू माटरगावला ज्ञानगंगेवर धरण आहे आणि खामगाव शहराला पिण्याचं पाणी तिथूनच जातं.

आता एक गंमत ऐका. बुलढाणा शहर घाटमाथ्यावर आहे. समजा, पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी त्या माथ्यावर पडले. एक उत्तरेच्या उतारावर घरंगळला. तो ज्ञानगंगेसारख्या एखाद्या नदीतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि पार सुरतेजवळ अरबी समुद्रात जाणार. दुसरा दक्षिणेकडे वळला. तो पैनगंगेतून वर्ध्येला, पुढं गोदावरीला आणि थेट बंगालच्या उपसागरात! जन्मले शेजारी, पण भेट कायमची तुटली. पण यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. समुद्राला जाण्याआधी हे थेंब गावात थोडा वेळ थांबतात का?

पिंपळगाव राजा फार जुनं गाव. पिरतसिंग नावाच्या अहिर, म्हणजे गवळी राजानं ते वसवलं, अशी आख्यायिका इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरात नोंदलेली आहे. एके काळी मोठ्या भरभराटीचं गाव. पण अठराव्या शतकाच्या अखेरीला पेंढाऱ्यांनी ते लुटलं. येणाऱ्या-जाणाऱ्या फौजांनी खंडणी उकळली आणि गावाची कळा गेली. त्या काळी गावाचं पुढं काय होणार, हे घोड्यावर बसून येणारे परके लोक ठरवत. गावकऱ्यांना विचारतो कोण?

आज घोडेस्वार येत नाहीत. मग आज कोण ठरवतं? कागदावर तरी याचं उत्तर सोपं आहे: गाव स्वतः. १९९२ साली राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. पुढं २०१५ पासून आपल्या राज्यात 'आमचा गाव, आमचा विकास' हा कार्यक्रम सुरू झाला. गावाला मिळणारा पैसा कशावर खर्चायचा, याचा आराखडा गावानंच बसून करायचा. पण कागदावरचं गावात उतरतं का? त्यासाठी आपल्याला पिंपळगाव राजाहून आणखी पश्चिमेला, शेजारच्या मोताळा तालुक्यात जावं लागेल.

तिथं एक सिंदखेड आहे. गोंधळू नका, हे जिजाऊंचं सिंदखेड राजा नव्हे. मोताळा तालुक्यातलं हे लहानसं गाव २०१८ सालच्या उन्हाळ्यात एका स्पर्धेत उतरलं. पाणी फाउंडेशन या संस्थेनं २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही स्पर्धा घेतली. क्रिकेटच्या कपात चेंडू-फळी लागते. इथं लागायचं टिकाव, फावडं आणि घमेलं. मुदत ४५ दिवस, ८ एप्रिल ते २२ मे. म्हणजे ऐन वैशाख! या भागात तेव्हा पारा चव्वेचाळीसला टेकतो. म्हणून या स्पर्धेतली गावं पहाटे नाहीतर रात्री कामाला लागायची. गावातल्या काही बायका-पुरुषांनी आधी प्रशिक्षण घ्यायचं, मग साऱ्या गावानं श्रमदान करायचं.

काम कुठून सुरू करायचं, याचा नियम ठरलेला होता: माथा ते पायथा. आधी टेकडीच्या माथ्यावर उताराला आडवे चर खणायचे, म्हणजे धावतं पाणी चालू लागतं. मग खाली शेतांना बांध घालायचे, म्हणजे चालतं पाणी रांगू लागतं. शेवटी ओढ्यात बंधारा, म्हणजे रांगणारं पाणी बसतं आणि मुरतं. उलटं केलं, आधी खाली बंधारा बांधला, तर वरून वाहून आलेली माती दोन पावसाळ्यांत तो भरून टाकते. आता कळलं ना, त्या निळसर रेघेचं काम? पायथ्याच्या गावाचं नशीब माथ्यावर ठरतं.

त्या वर्षी २४ जिल्ह्यांतले ७५ तालुके स्पर्धेत होते आणि हजारो गावं. पहिला आला सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा टाकेवाडी. आणि दुसरं बक्षीस? ते दोन गावांना विभागून मिळालं. एक माण तालुक्यातलंच भांडवली, दुसरं आपल्या बुलढाण्याचं सिंदखेड!

टाळ्या वाजवल्यात? वाजवा, वाजवा. पण मला विचाराल तर खरी परीक्षा बक्षीस मिळाल्यावरच सुरू होते. चर दरवर्षी गाळानं भरतात, ते उपसावे लागतात. आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे, अडवलेलं पाणी वापरायचं कुणी आणि किती? नुसतं पाणी वाढलं की प्रत्येक जण बोअर खणायला धावतो. ज्याची बोअर खोल, त्याचं शेत हिरवं, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी. खणलं सगळ्यांनी मिळून, प्यायलं एकट्यानं!

इथं जरा गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती होतं? बरोबर १०,००० लिटर. खामगावच्या बाजूला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरा. मग एका हेक्टरवर झालं ७० लाख लिटर. गावाचं शिवार ५०० हेक्टर असेल, तर ३५० कोटी लिटर! आता दोन हजार वस्तीच्या गावाला प्यायला-वापरायला माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाला लागतं सुमारे ४ कोटी लिटर. म्हणजे आभाळातून मिळालं ३५०, घराला हवं फक्त ४. तरीही एप्रिल-मेमध्ये कितीतरी गावांत टँकरची वाट बघत हंडे रांगेत उभे असतात. मग पाणी जातं कुठं? काही वाफ होऊन उडतं, काही पिकं पितात, पुष्कळसं नदीनं समुद्राला जातं. गावाचा आराखडा करायचा म्हणजे आधी हा हिशेब मांडायचा. किराणा मालाचा हिशेब तुमची आई मांडते ना, तसाच.

हा हिशेब वर्षानुवर्षं मांडणारं एक गाव महाराष्ट्रात आहे, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार. तिथं खामगावपेक्षाही कमी पाऊस पडतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार तिथं सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेटवेडा तरुण. गाव तेव्हा दुष्काळानं आणि भांडणांनी पोखरलेलं, माणसं कामासाठी बाहेर पडलेली. गावानं ग्रामसभेत बसून स्वतःवर बंधनं घातली. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, डोंगरावर मोकाट गुरं सोडायची नाहीत, दारू नाही, श्रमदान करायचं. पुढं शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं लावायची नाहीत, असंही ठरलं.

विचार करा, ऊस लावायचा नाही! घरात चार पैसे जास्त येणार असताना 'नको' म्हणायचं. चर खणताना हाताला फोड येतात, ते आठ दिवसांत बरे होतात. हे 'नको' मात्र दरवर्षी नव्यानं म्हणावं लागतं. हिवरे बाजारच्या शिवाराचं क्षेत्रफळ ९७६ हेक्टर. पाऊस ४०० मिलिमीटर झाला तर गावाला किती लिटर पाणी मिळालं, हे आता तुम्हांलाही काढता येईल. (उत्तर: ३९० कोटी ४० लाख लिटर.) पाऊस कमी झाला, तर त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची ते त्या बेतानं ठरतं. आणि पाऊस मोजण्याच्या, विहिरींची पातळी नोंदवण्याच्या कामात तिथल्या शाळेतली मुलंही असतात, बरं का! पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या माणसांचं. आम्हांला तर मतही देता येत नाही. खरं आहे, ग्रामसभेत मत द्यायला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. पण एक गोष्ट सांगतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान असेल तेवढे लोक लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा माणसांच्या संख्येची अट उरत नाही! मी अशी एक सभा पाहिली आहे. गावाचं नाव सांगत नाही. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं, पंख्याखाली चहा झाला आणि वर्षभराच्या कामांची यादी पंधरा मिनिटांत मंजूर. बाहेर पारावर पन्नास जण गप्पा मारत बसले होते. त्यांच्या गावाचं काय करायचं ते आत ठरत होतं, आणि कुणीही घोड्यावरून आलं नव्हतं.

म्हणून तुमचं काम सभेच्या आधीचं. आराखड्याच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तशीच मुलांची बालसभाही. त्यात सांगायचं: शाळेच्या वाटेवर ओढा आडवा येतो, पावसाळ्यात पाच दिवस शाळा बुडते. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही. हातपंपाच्या भोवती चिखल होतो. मोठ्यांच्या यादीत सभामंडप आणि कमान असते. या गोष्टी तुमच्याशिवाय कुणाला सुचायच्या? गुरुजी-बाईंना विचारून एकदा शिवारफेरी काढा. परत आल्यावर शाळेच्या अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढा. विहिरींना निळा रंग, आटलेल्या विहिरींना पांढरा, टेकडीला तपकिरी. आजीला बोलवा, तिच्या लहानपणी कोणत्या विहिरीला बारा महिने पाणी असायचं, ते ती बरोबर दाखवील. आणि घरी जाऊन आई-बाबांना विचारा, पुढची ग्रामसभा कोणत्या तारखेला आहे?

हिशेबाची सुरुवात तर तुम्ही येत्या पावसाळ्यातच करू शकता. सरळ कडांचा एक रिकामा डबा घ्या, तळ सपाट हवा. तो अंगणात मोकळ्यावर ठेवा आणि रोज सकाळी आठ-साडेआठला पट्टी बुडवून पाणी मोजा, मिलिमीटरमध्ये. वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. ग्रामपंचायतीत विचारलंत तर गावाच्या शिवाराचे हेक्टर मिळतील. पुढचा गुणाकार तुम्हांला येतोच. डबा मात्र पत्र्याच्या कडेखाली ठेवू नका. पागोळ्यांचं पाणी त्यात पडतं आणि सगळा हिशेब चुकतो!