जुनी मोटार आणि मूळ पाठ

आमच्या परसांत पत्र्याच्या शेडखालीं एक जुनी मोटार उभी आहे. कै. तीर्थरूपांनीं १९६८ सालीं घेतलेली फियाट अकराशे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतली, गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशीं असणारी. त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी, तेव्हां कोठें गाडी दाराशीं येई. तीर्थरूप ती स्वतः धुवीत, परंतु तिच्यांत त्यांनीं कधींही फेरफार केला नाहीं.

गेल्या वर्षीं पुतण्याच्या उच्च शिक्षणाचा खर्च उभा राहिला, तेव्हां धाकटे बंधू म्हणाले, "दादा, जुन्या मोटारींना हौशी संग्राहक चांगली किंमत देतात. अण्णांची गाडी कां देऊं नये?"

त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. १९५५ सालची एक मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे मे २०२२ मध्यें स्टुटगार्ट येथें साडेतेरा कोटि युरोंना विकली गेली. तशा गाड्या जगांत दोनच, आणि दोन्ही कारखान्यानें जपलेल्या. विक्रीचें द्रव्य शिष्यवृत्त्यांकडे वळविलें, हें वाचून मज शिक्षकास समाधान वाटलें. आमची फियाट त्या पंक्तींतली नव्हे, हें उघड आहे. तथापि पुतण्याचें एका वर्षाचें शुल्क निघालें तरी पुरे होतें.

एक संग्राहक गाडी पाहावयास आले. मीं मुद्दाम रंग देऊन ठेवलेल्या पत्र्याकडे त्यांनीं ढुंकूनही पाहिलें नाहीं. चॅसीवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहिला, बॉनेट उघडलें आणि शांतपणें विचारलें, "मूळ इंजिन कोठें आहे?"

मीं मान खालीं घातली. पेट्रोलचा खर्च झेपेना, म्हणून १९९२ सालीं मींच तिच्यांत डिझेलचें इंजिन बसविलें होतें. मूळचें १०८९ सी. सी. चें इंजिन भंगारांत गेलें. घरांत कोणाला विचारलेंही नव्हतें.

"गंज आम्हांला काढतां येतो, गेलेलें परत आणतां येत नाहीं," ते म्हणाले. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस 'विंटेज' म्हणून नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षें. परंतु चॅसी, बाहेरचा पत्र्याचा सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. आमची गाडी तेथेंच अडली. संग्राहकांनीं सुट्या भागांपुरती किंमत सांगितली आणि ते निघून गेले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. मूळ पाठ शोधणाऱ्यास कसर लागलेल्या पोथीपेक्षां, अडलेला शब्द आपल्या बुद्धीनें 'सुधारणारा' लेखनिक अधिक घातक ठरतो. पान फाटलें तर उणीव दिसते, सुधारलेला शब्द मात्र उणीवच झांकून टाकतो. हें मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें, आणि घरीं तोच लेखनिक झालों.

ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांना एवढेंच सांगणें आहे: ग्राहक येण्यापूर्वीं तिला नटवूं नका. नोंदणीपुस्तक, जुन्या पावत्या, हत्यारांची पिशवी, मोडलेला दिवासुद्धां जपून ठेवा.

पुतण्याचें शुल्क मीं माझ्या ठेवींतून भरलें. बंधूंनीं मला एका शब्दानेंही दुखविलें नाहीं. मात्र त्या दिवसापासून शेडकडे जातांना ते बरोबर येत नाहींत, आणि मीही त्यांना हांक मारीत नाहीं.