नकाशावरचा बाण

आपल्या शाळेत आता जवळजवळ प्रत्येक विषयाला प्रेझेंटेशन असते. इतिहासाला असते, जीवशास्त्राला असते, संध्याकाळच्या हाउस मीटिंगलाही असते. त्यात सर्वांना आवडणारा भाग म्हणजे ॲनिमेशन. शीर्षकाचे एकेक अक्षर उड्या मारत येते, फोटो गिरक्या घेत येतो आणि मागच्या बाकांवरून टाळ्या पडतात. तास संपल्यावर मात्र विषय काय होता असे विचारले, तर उत्तर येते, “ते फिरणारं विमान भारी होतं.” ॲनिमेशन नक्की कशासाठी वापरायचे, याचा विचार मला गेल्या वर्षी एका नकाशामुळे करावा लागला. तोच अनुभव येथे मांडतो.

गेल्या वर्षी विजय दिवसाच्या कार्यक्रमात १९७१ च्या युद्धातील पूर्व आघाडीवर दहा मिनिटे बोलण्याचे काम आमच्या वर्गाकडे आले. आम्ही तिघे कॅडेट होतो. नकाशाचा भाग माझ्या वाट्याला आला, कारण माझे बाबा नायब सुभेदार असून त्यांची पोस्टिंग कोलकात्याला आहे. ती लढाई ज्या पूर्व कमांडने लढली, तिचे मुख्यालय तिथल्या फोर्ट विल्यममध्येच आहे. या किल्ल्याला आता विजय दुर्ग म्हणतात. हे नाव आपल्या सिंधुदुर्गातील विजयदुर्गावरून दिले आहे, हे कळल्यावर मला फार बरे वाटले. किल्ल्याजवळ विजय स्मारक आहे. दर १६ डिसेंबरला तेथे पुष्पचक्र वाहिले जाते.

दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे गेलो आणि क्वार्टरमध्ये बसून नकाशा करू लागलो. पुस्तकातल्या नकाशात सगळे बाण एकाच वेळी दिसतात. पश्चिमेकडून दुसरी कोअर, वायव्येकडून तेहतिसावी कोअर, उत्तरेकडून १०१ कम्युनिकेशन झोन आणि पूर्वेकडून चौथी कोअर. पाहणाऱ्याला वाटते की सगळे एकदम निघाले आणि एकदम ढाक्याला पोहोचले. पण युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. मधल्या दिवसांत आधी काय झाले, नंतर काय झाले आणि एकामुळे दुसरे कसे घडले, हे स्थिर नकाशातून समजत नाही.

मी बाबांना विचारले, “बाबा, तुमच्याकडे हे कसं समजावतात?”

ते म्हणाले, “आमच्याकडे सँड मॉडेल असतं. जमिनीवर मातीचा नकाशा. नदीला निळा रंग, रस्त्याला फीत. साहेब हातात काठी घेऊन सांगतात. पहिली फेज, दुसरी फेज. काठी जिथं आहे, तिथंच सगळ्यांचे डोळे. एक फेज सगळ्यांना समजल्याशिवाय काठी पुढं सरकत नाही.”

माझ्या कामाला हेच हवे होते. स्लाइडवरचा बाण म्हणजे साहेबांच्या हातातली काठी.

मग मी तसा नकाशा केला. प्रत्येक बाणाला ‘वाइप’ हा साधा इफेक्ट दिला. त्यात दिशा निवडता येते. बाणाच्या शेपटाकडून टोकाकडे दिशा दिली की सैन्य पुढे सरकते आहे असे वाटते. प्रत्येक बाण ‘ऑन क्लिक’ ठेवला, म्हणजे मी बोलेपर्यंत तो थांबेल. पुढचा बाण आला की आधीचा फिकट करडा होईल. कोपऱ्यात फक्त तारीख बदलेल. गावांची नावे, नद्या आणि सीमा आपापल्या जागी स्थिर राहतील.

सर्वांत जास्त वेळ दोन जागांवर गेला. पहिली जागा मेघना नदी. पाकिस्तानी सैन्याने माघार घेताना पूल उडवला होता. मग चौथ्या कोअरने ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरमधून जवान नदीपलीकडे नेले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी पूल तुटताना दिसला पाहिजे, बाण काठावर थांबला पाहिजे आणि मग नदीवरून उडी दिसली पाहिजे. ती उडी मी ‘मोशन पाथ’ने दाखवली.

दुसरी जागा टांगाइल. ११ डिसेंबरला तेथे २ पॅरा या पलटणीने विमानांतून उड्या घेतल्या. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. काम होते लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेऊन उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडवण्याचे. स्थिर चित्रात ही एक छत्री आणि एक ठिपका असतो. पण शत्रूचा बाण खाली सरकतो आहे, त्याच्या पुढ्यात छत्र्या उतरतात आणि तो बाण तेथेच थांबतो, असे दाखवले की ‘वाट अडवणे’ म्हणजे काय हे सहावीच्या मुलालाही कळते. त्यानंतर उत्तरेकडून १ मराठा लाइट इन्फंट्रीचा बाण येऊन पॅराला मिळतो. दोन मराठा पलटणींची ती भेट करताना मी क्षणभर माउस सोडून बघत बसलो.

कालीपूजेच्या रात्री बाबा आम्हाला रोषणाई दाखवायला घेऊन गेले. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी चंदननगर आहे. तिथल्या कारागिरांचे दिवे प्रसिद्ध आहेत. दिव्यांचा घोडा धावतो, मोर पिसारा फुलवतो. प्रत्यक्षात एकही दिवा जागचा हलत नाही, फक्त ठरलेल्या क्रमाने लागतो आणि विझतो. तेथे एक गोष्ट लक्षात आली. शेजारी अतिशय सुंदर कोरीव कमान होती, पण सगळे लोक घोड्याकडेच पाहत होते. आईने दोनदा “ती कमान बघ” म्हटले, तरी माझी मान वळेना. जे हलते तिकडे डोळा जातोच. म्हणजे पडद्यावर काही हलत असताना आपण दुसरेच काही बोललो, तर ते कोणी ऐकत नाही. म्हणून मी सरावात ठरवले की बाण सरकताना गप्प राहायचे आणि तो थांबला की बोलायचे.

शाळेत परतल्यावर आम्हा तिघांत एका स्लाइडवरून चांगलाच वाद झाला. ती स्लाइड लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांची होती. १४ गार्ड्सचे एक्का ३ डिसेंबर १९७१ रोजी गंगासागरच्या लढाईत शहीद झाले. त्या युद्धात पूर्व आघाडीवरचे एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. माझ्या मित्राचे म्हणणे होते की फोटो स्फोटातून बाहेर येऊ दे आणि मशीनगनचा आवाजही दे. त्याचे कारण अगदीच चुकीचे नव्हते. तो म्हणाला, “ज्युनियर्स दिवसभर दमलेले असतात. आवाज झाला नाही तर झोपतील.”

मी म्हणालो, “नकाशात बाण हलतो, कारण पलटण खरंच पुढं सरकली होती. इथं आपण काय हलवणार? ते २८ वर्षांचे होते. त्यांच्या घरचं कोणी सभागृहात बसलं असतं, तर आपण हा स्फोट दाखवला असता का?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानेच इफेक्ट काढला. त्या स्लाइडवर फक्त फोटो, नाव, पलटण, ठिकाण आणि तारीख राहिली. सर्व काही स्थिर. बोलून झाल्यावर त्याने कीबोर्डवरचे ‘बी’ बटण दाबायचे ठरले. त्याने पडदा काळा होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहातल्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर होते. नव्या पद्धतीचे इफेक्ट त्यावर चालले नसते, पण साधे वाइप व्यवस्थित चालले. बाण एकेक करून सरकले. एक्कांच्या स्लाइडनंतर पडदा काळा झाला आणि सभागृहात कोणाची खुर्चीही वाजली नाही. ज्युनियर्स झोपले नव्हते. शेवटी सातवीच्या एका कॅडेटने विचारले, “सर, मेघना ओलांडायला पूल बांधायची वाट पाहिली असती, तर ढाका किती दिवसांनी मिळालं असतं?” याचे नेमके उत्तर आमच्याकडे नव्हते. पण त्याला पूल, नदी आणि दिवस यांचा संबंध कळला होता, याचा आम्हाला आनंद झाला.

आता कोणतेही प्रेझेंटेशन करताना मी आधी स्वतःला विचारतो की या विषयात खरोखर काही हलते का, बदलते का, एकामागून एक घडते का. हृदयातून रक्त वाहते, तर बाण वाहू दे. संविधानाची उद्देशिका वाचायची असेल, तर अक्षरे जागेवरच राहू देत. ज्युनियर कॅडेट्सना एवढेच सांगेन की स्लाइड्स झाल्या की एकदा सगळे इफेक्ट काढून पाहा. ज्याच्यावाचून अर्थ अडतो, तेवढेच परत घाला. आमच्या नकाशात असे सात उरले होते आणि तेवढे पुरले.