दोन सूर्यांच्या घरापाशी

प्रागमध्ये चार्ल्स पूल ओलांडला की माला स्त्राना लागते. शब्दशः अर्थ ‘छोटी बाजू’. चौकातून किल्ल्याकडे एक दगडी चढ निघतो. बोहेमियाच्या राजांच्या राज्यारोहणाच्या मिरवणुका याच वाटेने वर जात. पायांत साधे बूट असतील तर पहिल्या पन्नास पावलांतच कळते की राजे घोड्यावर का बसत असावेत! या रस्त्याचे नाव नेरुदोवा. म्हणजे नेरुदाचा रस्ता.

नेरुदा म्हटले की आपल्याला आठवतो चिलीचा पाब्लो नेरुदा, १९७१चा नोबेल विजेता. पण हा तो नव्हे. उलट त्यानेच हे नाव उचलले. खरे नाव नेफ्ताली रेयेस असलेल्या त्या मुलाने १९२० मध्ये टोपणनाव घेतले. एका मासिकात हे चेक नाव दिसले, तो कोण हे तेव्हा ठाऊकही नव्हते, असे त्याने पुढे आठवणींत लिहिले आहे. मूळ नेरुदा, यान नेरुदा, कवी होता, कथाकार होता आणि पोटासाठी जन्मभर पत्रकार होता.

चढावर मान वर करून चालावे, कारण खरी गंमत दारांच्या वर आहे. १७७० मध्ये मारिया थेरेसा राणीच्या काळात घरांना क्रमांक मिळाले. त्याआधी घर ओळखायचे ते दारावरच्या चिन्हावरून. एका घरावर तीन छोटी व्हायोलिने, एकावर सोन्याची किल्ली, एकावर तांबडे कोकरू, एकावर पांढरा हंस. आणि चढ संपत आला की डाव्या हाताला, ४७ क्रमांकाच्या घरावर, दोन सूर्य. नेरुदाचे लहानपण या घरात गेले.

त्याचा जन्म ९ जुलै १८३४चा. वडील निवृत्त सैनिक, छोटे दुकान चालवणारे. आई धुणीभांडी, साफसफाईची कामे करायची. ज्यांच्याकडे ती कामाला होती त्यांत योआखिम बारांद हे फ्रेंच शास्त्रज्ञ होते, खडकांतल्या प्राचीन जीवांचे अवशेष गोळा करणारे. मोलकरणीचा मुलगा पुढे ग्रहताऱ्यांवर कविता लिहितो, याचे मूळ त्या घरात शोधण्याचा मोह होतो खरा.

तेव्हा हा रस्ता ओस्त्रुहोवा म्हणून ओळखला जाई. घोडेस्वाराच्या टाचेला लावायची लोखंडी आर बनवणाऱ्या कारागिरांवरून पडलेले ते नाव. नेरुदाच्या मृत्यूनंतर ते बदलले. आजचे मार्गदर्शक त्याला ‘माला स्त्रानाचा लाडका लेखक’ म्हणतात. त्याचा ‘माला स्त्रानाच्या कथा’ हा १८७८चा संग्रह वाचला, की हा लाडकेपणा जरा विचित्र वाटू लागतो.

त्यातली वोरेल नावाच्या दुकानदाराची गोष्ट घ्या. बाहेरगावचा हा माणूस याच रस्त्यावर पीठ-रव्याचे दुकान काढतो. ज्या घरात कधी दुकान नव्हते तिथे हे नवे दुकान! शेजारी कुतूहलाने बघतात, पण आत कोणी पाऊल टाकत नाही. सर्वांचे वाणी ठरलेले. बिचारा वोरेल गिऱ्हाइकाची वाट पाहत पाइप ओढत बसतो. मीरशॉमचा पाइप, पांढऱ्या मऊ दगडाचा, जो ओढता ओढता रंग धरतो. एक बाई रवा घेऊन जाते आणि सांगत सुटते, रव्याला धुराचा वास येतो. झाले! ‘धुरकट वाणी’ हे नाव पडते, उरलेसुरले गिऱ्हाईकही तुटते. वोरेल अधिकच पाइप ओढतो. एके दिवशी तो गळफास घेतलेला सापडतो. त्याच्या खिशातला पाइप पाहून पोलीस कौतुक करतो, इतका सुंदर रंगलेला पाइप आपण पाहिला नव्हता म्हणून.

दुसऱ्या कथेत म्हातारा भिकारी वोइतिशेक आहे. स्वच्छ चेहऱ्याचा, सगळ्यांचा आवडता. त्याला नकार मिळालेली एक भिकारीण वावडी उठवते की याची पलीकडे दोन घरे आहेत. कोणी खातरजमा करत नाही. दारे बंद होतात आणि ऐन फेब्रुवारीत तो थंडीने गोठून मरतो.

दोन्ही कथांत खलनायक नाही. आहेत ती नुसती माणसे, खिडकीतून बघणारी. आळीचा जिव्हाळा आणि आळीची क्रूरता एकाच जिभेवर राहते, हे ज्याने लहानपणी ऐकले असेल त्यालाच असे लिहिता येईल.

त्या कथा लिहिणारा हात रोजच्या छपाईच्या घाईत तयार झाला होता. १८६५ पासून अखेरपर्यंत नेरुदा ‘नारोद्नी लिस्ती’ या दैनिकात होता. खाली नाव नसे, एक छोटा त्रिकोण असे. त्या त्रिकोणाखाली दोन हजारांहून अधिक स्फुटे निघाली. नाटके, रस्ते, सण, १८९०च्या मे महिन्यातला प्रागचा पहिला कामगार दिन, सगळे त्यात आले. आठवड्याला एक लेख देताना आमची तारांबळ उडते, म्हणून हा आकडा मला दोनदा वाचावा लागला. लग्न त्याने केले नाही. पैशाची चणचण सुटली नाही. २२ ऑगस्ट १८९१ रोजी तो गेला. कबर व्हिशेह्रादच्या दफनभूमीत आहे.

कथासंग्रहाच्याच वर्षी त्याच्या ‘अंतराळगीते’ या कविता आल्या. २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला गेलेले अमेरिकन अंतराळवीर अँड्र्यू फ्यूस्टेल यांनी ते पुस्तक यानातून सोबत नेले. त्यांच्या पत्नीच्या आईचे माहेर चेक.

खाली उतरताना दुकाने बघत आले. काचेच्या वस्तू, बाहुल्या, गोड रोल. दुकानदाराला शेजाऱ्यांच्या विश्वासाची गरज उरलेली नाही. गिऱ्हाईक रोज नवे, उद्या दिसणार नाही असे. वोरेलचे दुकान आज धडाक्यात चालले असते. धुराच्या वासाची तक्रार करायलाही कोणी परत आले नसते.

दोन सूर्यांच्या घरासमोर एक आजी हातात भाजीची पिशवी घेऊन, फोटो काढणाऱ्या आम्हा लोकांतून वाट काढत चढत होत्या. मी बाजूला झाले. त्यांनी वर, कुठल्याशा खिडकीकडे पाहून हात हलवला, आणि खिडकीतूनही कोणीतरी हात हलवला.