मधलं बाक काढू नकोस

सेंट पॉल, मिनेसोटा

चि. अनिकेत,


बोटीचे फोटो मिळाले. फोनवर तू उत्साहात होतास, मागे आर्यचा आरडाओरडा चालू होता, त्यात माझं म्हणणं अर्धंच राहिलं. म्हणून लिहायला बसलो. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

बोट चांगली घेतलीस. चौदा फुटी, रिव्हेटांची, १९६०च्या दशकातली आणि पत्रा अजून सरळ. या बोटींचं कूळ विमानांचं आहे, हे तुला माहीत असेलच. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ग्रुमनसारख्या लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीकडे ॲल्युमिनियम होतं, रिव्हेट मारण्यात तरबेज माणसं होती आणि ऑर्डरी मात्र आटल्या होत्या. त्यांनी कनू बनवायला घेतल्या. इथे मिनेसोटात १९४६ साली अल्युमाक्राफ्ट निघाली, १९४८ साली लुंड. पत्रा जपला तर अशी बोट दोन पिढ्या सहज वापरता येते. आधी जातं ते आतलं लाकूड आणि बाकांतला फोम.

आता तुझा बेत. तिन्ही बाकं सडलीत, तर मधलं कापून टाकायचं, त्या जागी सपाट तळ करायचा, वर गालिचा, म्हणजे उभं राहून गळ टाकता येईल. हल्ली जो तो हेच करतो. तू करू नकोस.

बाक बसायला असतं हे खरं, पण ते त्याचं सगळ्यात हलकं काम. दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याच्या दोन बाजू लाटेच्या दाबाखाली आत-बाहेर होऊ नयेत म्हणून मधलं बाक त्यांना आडवं धरून ठेवतं. ते काढलंस की पहिल्या उन्हाळ्यात काही दिसणार नाही. मग बाजू लचकायला लागतील, एकेक रिव्हेट ढिला होईल आणि तळाशी पाणी कुठून येतंय ते शोधत बसशील. तिसरं काम तरंगण्याचं. तेच मला नीट सांगायचंय.

देवबागला आजोबांची होडी पाण्यानं काठोकाठ भरली तरी तळाला जात नसे, कारण लाकूड स्वतः तरंगतं. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड. भरलेली बोट थेट खाली. तिला वर धरणारं एकच काही असतं, ते म्हणजे बाकांच्या पोटातला फोम.

हिशोब साधा आहे. शंभर किलो ॲल्युमिनियम पाण्याखाली साधारण ६३ किलो भरतं. मोटर वरच लटकलेली राहते, ती जवळजवळ पूर्ण धर: ५० किलो. बॅटरी २० किलो. झाले १३३. त्यात तिघं माणसं. ती अर्धी पाण्यात असतात म्हणून निम्मं वजन धरू, म्हणजे अजून ११० किलोच्या आसपास. चांगला, कोरडा फोम घनफुटाला २७ किलो उचलतो. म्हणजे तुला नऊ घनफूट फोम हवा, तोही काठावर पास होण्यापुरता. फोटोवरून मी धरलेल्या मापानं तुझी तिन्ही बाकं मिळून बारा घनफूट होतात आणि त्यात मधलं सर्वांत रुंद, पाच घनफुटांचं. ते काढलंस तर उरतात सात. कागदावरच नापास.

तू म्हणशील, तेवढाच फोम त्या सपाट तळाखाली भरतो. मला याचीच भीती होती. फोम किती यापेक्षा तो कुठे आहे हे मोठं. तळाशी फोम आणि वर मोटर, माणसं, सामान अशी रचना झाली की पाणी भरल्यावर बोट पालथी होऊन पोट वर करून तरंगते. तिला धरायला जागा राहत नाही. बोट सपाट राहायची तर फोम उंचावर, दोन्ही बाजूंच्या काठांजवळ आणि मागे मोटरच्या आसपास हवा. कोस्ट गार्डचा नियमही याच तत्त्वावर आहे. वीस फुटांखालच्या, मागे बाहेर लटकणाऱ्या (आउटबोर्ड) मोटरच्या बोटींनी पाणी भरल्यावर सपाट तरंगलंच पाहिजे, ही सक्ती बनवणाऱ्यांवर १९७८ सालापासून आली. तुझी बोट त्याआधीची, शिवाय तू बनवणारा नाहीस, त्यामुळे कायदा तुला काही विचारणार नाही. तळं मात्र विचारेल.

जुना फोम उपसताना तो उचलून बघ. पांढरा, मण्यामण्यांचा थर्माकोल असेल तर मण्यांच्या फटींतून पाणी शिरलेलं असेल. तुमच्या डुलुथच्या हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं, फटी रुंदावतात आणि पुढच्या वर्षी आणखी पाणी शिरतं. वरून कोरडा दिसणारा तुकडा आतून ओल्या पावासारखा जड निघतो. असला फोम वाळवून परत घालायचा मोह धरू नकोस.

नवा कोणता? हार्डवेअरच्या दुकानात घराच्या भिंतींसाठी मिळणारे गुलाबी किंवा निळे, घट्ट पॉलिस्टायरीनचे तक्ते. पाणी फार कमी पितात, करवतीनं कापता येतात, स्वस्त. दोष एकच: पेट्रोल लागलं की विरघळतात. तुझी टाकी मागच्या बाकाखाली आहे, म्हणून त्या एका बाकात पॉलियुरेथेनचे तयार तक्ते घाल, बाकी दोन्हींत हे. दोन रसायनं मिसळून ओतायचा फोम मला पसंत नाही. मिनिटाच्या आत फुगायला लागतो, जास्त पडला तर बाकाचा पत्रा फाडतो, थंडीत नीट फुगतच नाही, वाफ छातीला वाईट आणि खाली पाणी वाहायला वाट ठेवत नाही. कुणी रिकाम्या सोड्याच्या बाटल्या भरायला सांगेल. ऐकून घे, हस, सोडून दे.

तक्ते घट्ट बसवायचे, पण तळापासून बोटभर वर, म्हणजे शिरलेलं पाणी मागच्या बुचापर्यंत जाईल. आणि वरून झाकण पक्कं. फोम मोकळा राहिला तर ऐन वेळी फोम तरंगेल आणि बोट बुडेल.

बाकाच्या फळीला दुकानातलं हिरवट, औषध मारलेलं लाकूड आणू नकोस. घरगुती कामाच्या लाकडातून २००४च्या सुमारास आर्सेनिक गेलं आणि तांब्याचं प्रमाण वाढलं. ओलं तांबं ॲल्युमिनियमला खातं, पांढरी भुकटी दिसायला लागते, मग भोकं. साधं सीडर किंवा मरीन प्लायवुड घे, कडा इपॉक्सीनं बंद कर. कडा विसरलास तर महागडं प्लायही सडतं.

रिव्हेट काढताना डोकं ड्रिल करून उडवायचं, भोक लांबट होऊ द्यायचं नाही. नवे मारताना बाकांच्या टोकांना बंद तोंडाचे पॉप रिव्हेट चालतील. साध्या पॉप रिव्हेटच्या मधोमध भोक असतं, ते पाणी आत घेतं. पाण्याच्या रेषेखाली मात्र भरीव रिव्हेटच. त्याला दोन माणसं लागतात, एक हातोड्याला, एक आतून डॉली, म्हणजे टेकूचा जड लोखंडी ठोकळा, धरायला. डॉली धरायला मी येतो. हातोडा तू चालव, माझा खांदा आता ते काम करत नाही.

मोटर लटकते त्या मागच्या फळीचंही लाकूड गेलं असणार. त्याचं नंतर बोलू, ते सोपं आहे.

सगळं झाल्यावर रंगाच्या आधी एक काम. जुलैच्या शेवटी, पाणी जरा कोमट झाल्यावर, छातीभर पाण्यात बोट ने. मोटर काढून तिच्या जागी तेवढं वजन बांध, बुच काढ आणि बोट भरू दे. मग तू आत बस. ती सपाट राहिली आणि काठ पाण्यावर दिसला तर काम झालं. मागून बुडाली तर मागे फोम कमी, कलंडली तर काठांजवळ कमी. दुरुस्त कर, परत भरून बघ. हे न करता आर्यला घेऊन तळ्यात जायचं नाही. लेक सुपीरियरवर तर या बोटीनं जायचंच नाही, फोम कितीही असो.

बाकांची लांबी, रुंदी, उंची मोजून पाठव. फोम विकत घ्यायच्या आधी पाठव.

तुझा,
अप्पामामा

ता.क. आर्यसाठी जॅकेट आजच घे. मिनेसोटात १० वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत ते घालणं कायद्यानं सक्तीचं आहे. तुलाही घालावंच लागेल, ती सक्ती माझी.