न लिहिलेली खोट

शिरूर हे नाव सरकारी कागदावरचे. जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी आजही घोडनदीच आहे. पुणे-नगर रस्त्यावरच्या या बाजारपेठेत किराणा-भुसाराची, कापडाची आणि सराफीची दुकाने जैन घरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविली. या घरांतील मुले आधी पुण्याला शिकू लागली आणि आता नातवंडे परदेशी निघाली आहेत. निघताना स्थानकात जाऊन मांगलिक ऐकायचे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे, हार-नारळ, छायाचित्रे. विमानात बसेपर्यंतच्या या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. त्यानंतरच्या गोष्टी मात्र क्वचितच सांगितल्या जातात. घोडनदीच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या मुलीची ही त्यानंतरची हकीगत आहे.

पुण्यात कृषी विषयाची पदवी घेऊन ती २०२३ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील बॉन शहरी गेली. शेतमाल आणि अन्न यांचे अर्थशास्त्र हा तिच्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नसते. परंतु राहण्या-खाण्याची सोय आहे हे दाखविण्यासाठी वर्षभराचा खर्च तेथील खात्यात आधीच भरून ठेवावा लागतो. त्या वर्षी ती रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे सुमारे दहा लाख रुपये. या खात्यातून तेव्हा दरमहा फक्त ९३४ युरो काढता येत. घरातील इतरांना ही अट विचित्र वाटली. दादाजींना मात्र ती तत्काळ समजली. “अनामत आहे. पोराच्या हाती एकदम पैसा देऊ नये, हे त्यांनाही कळते,” असे ते म्हणाले.

तिचे आजोळ दौंडचे. मुंबईकडून आलेली वाट जेथे फुटते, एक सोलापूरकडे आणि दुसरी नगरवरून मनमाडकडे, त्या स्थानकाजवळ नानाजींचे कापडाचे दुकान आहे. निरोप घ्यायला गेलेल्या नातीला नानाजींनी एकच सांगितले : “जंक्शनवर माणसाने दोन गोष्टी विचारायला लाजू नये. गाडी कुठली आणि फलाट कुठला.” सगळे हसले. हे वाक्य पुढे किती महाग पडणार आहे, ते तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

परदेशगमन आणि नियम यांचे नाते जैन समाजाला नवे नाही. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाले, तेव्हा मातोश्री पुतळीबाईंचे मन तयार होईना. अखेर बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मांस, मदिरा आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मातेने संमती दिली. लंडनमध्ये या तरुणाचे कित्येक दिवस अर्धपोटी गेले. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक हाती आले. ते वाचल्यावर आपण स्वतःच्या विचाराने शाकाहारी झालो, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदविले आहे. आईसाठी पाळलेला नियम तेथे त्यांचा स्वतःचा झाला. पै-पैचा हिशेब रोज लिहिण्याची सवयही त्यांनी त्याच काळात लावून घेतली.

या मुलीलाही असाच अनुभव आला. घोडनदीत चौविहार पाळण्यासाठी तिला कधी काही करावे लागले नव्हते. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आपोआप आवरले जाई. बॉनमध्ये डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. वर्ग सहापर्यंत चालत. मग साडेतीनच्या सुटीत डबा उघडायचा आणि रात्रीपर्यंत पाण्यावाचून बसायचे, असा क्रम तिने लावून घेतला. जूनमध्ये नेमके उलट झाले. रात्री पावणेदहापर्यंत उजेड! सूर्य आहे म्हणून रात्री साडेनऊला जेवले, तर अक्षर पाळले जाईल. पण संयमाचे काय? तिने स्वतःपुरती सातची मर्यादा घातली. नियम कशासाठी आहे, हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला विचारला होता.

खाण्याच्या बाबतीतही तिला वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावी लागली. तेथील अनेक चीज वासराच्या जठरातील द्रव्याने दूध विरजून करतात. इटलीच्या प्रसिद्ध पार्मेजान चीजला तर तेच द्रव्य वापरण्याचा नियम आहे. मुलांच्या रंगीत मऊ गोळ्यांत जिलेटिन असते, शेवयांच्या काही प्रकारांत अंडे असते. विद्यार्थ्यांच्या खानावळीत शाकाहारी म्हणून जे मिळे, त्यात बटाटा हमखास असे. शाकाहाराची खूण पाहून घ्यायची, खूण नसेल तर विचारायचे, उत्तर मिळाले नाही तर ती वस्तू ठेवून द्यायची, हे तिला महिनाभरात जमले. दुकानदाराला आणि खानावळीतल्या बाईंना विचारायला ती लाजली नाही. लाजली ती दुसरीकडेच.

अर्थमिती हा तिच्या अभ्यासक्रमातील आवश्यक विषय. किमतींच्या आकड्यांवरून कार्यकारणाचा अंदाज बांधायचे हे शास्त्र गणितावर आणि संगणकावर उभे आहे. वर्गात चीन, केनिया, इंडोनेशिया, ब्राझील अशा देशांचे विद्यार्थी होते आणि सर्वांना सर्व काही समजते आहे, असे तिला वाटे. प्राध्यापकांनी शंका विचारण्यासाठी आठवड्यातील एक तास राखून ठेवला होता. त्या खोलीच्या दाराशी ती दोनदा गेली आणि दोनदा परतली. व्यापाऱ्याच्या घरची मुलगी आकड्यांत कच्ची आहे, हे परक्या देशात कबूल करणे तिला जड गेले.

फेब्रुवारीत परीक्षा झाली आणि मार्चमध्ये निकाल आला : ५.०.

येथे जर्मनीतील गुणांची रीत सांगणे आवश्यक आहे. तेथे १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. यापूर्वी एका विषयात तिला २.० मिळाले होते. तो चांगला निकाल होता, पण दूरध्वनीवर दादाजींनी “दोनच?” म्हटले आणि नंतर सांगू म्हणून तिने विषय सोडून दिला होता. आता घरचे सारे पडद्यासमोर बसले होते. तिने धीर करून म्हटले, “अर्थमितीचे पाच आले.” पुढचे वाक्य तिच्या ओठांवर होते. पण दादाजींचा चेहरा उजळला. “दोनाचे पाच केलेस! शाबास!” त्यांनी लगेच माणूस पाठवून पेढे आणविले आणि आजूबाजूच्या दुकानांत वाटले. तिने पुढचे वाक्य गिळले.

ती खोटे बोलली नव्हती. केवळ गप्प राहिली होती. पण पाठशाळेत शिकलेले सत्याणुव्रताचे अतिचार तिला आठवत होते. त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणे. व्यापारी घरात त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. वही खोटी ठरण्यासाठी तीत खोटे लिहावेच लागते असे नाही. एक ओळ गाळली तरी पुरते.

मार्चअखेर तिने ती परीक्षा पुन्हा दिली आणि पुन्हा ५.० आले. तिसऱ्यांदा तसेच घडले, तर नियमाप्रमाणे तिला अभ्यासक्रमच सोडावा लागणार होता. त्या दिवसांत रमजान चालू होता. तिच्या वसतिगृहातील सामाईक स्वयंपाकघरात एक इंडोनेशियन मैत्रीण रोजा करीत असे. सूर्यास्ताच्या सुमारास दोघी तेथे भेटत. एकीची भांडी त्या वेळी घासून होत, दुसरीची चुलीवर चढत. त्या मैत्रिणीने एकदा सहज विचारले, “घरी सांगितलेस?” उत्तर आले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. मात्र त्यानंतर ती भाकरी-भाजी होईतो जवळ बसून राहू लागली.

सुट्यांत ती फिरली. महिना ४९ युरोच्या तिकिटावर देशभरातील साध्या गाड्यांतून प्रवास करता येत असे. ऱ्हाईनच्या काठाकाठाने द्राक्षमळ्यांचे उतार पाहिले, कोलोनचे जुळ्या मनोऱ्यांचे कॅथेड्रल पाहिले, चार ठिकाणी गाडी बदलत बर्लिन गाठले. घरी पाठविलेल्या छायाचित्रांत ती प्रत्येक ठिकाणी हसते आहे. घोडनदीच्या दुकानात ती छायाचित्रे गिऱ्हाइकांना दाखविली जात. एका रात्री गाडी चुकली आणि अनोळखी जंक्शनवर तीन तास काढावे लागले. फलाटावर बसल्या बसल्या तिला दौंडचे नानाजी आठवले. गाडी कुठली, फलाट कुठला, हे तिने त्या रात्री चार जणांना विचारले होते. आणि ज्या एका खोलीत विचारायला हवे होते, तेथे ती गेली नव्हती.

२०२४ चे पर्युषण आले. बॉनमध्ये तिच्या ओळखीचे एकही जैन घर नव्हते. वास्तविक या शहराचा जैन विद्येशी जुना संबंध आहे. हर्मान याकोबी १८८९ पासून येथे संस्कृतचे प्राध्यापक होते आणि १९३७ साली येथेच निवर्तले. आचारांग आणि कल्पसूत्र यांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८८४ साली, तर उत्तराध्ययन आणि सूत्रकृतांग यांचा १८९५ साली प्रसिद्ध झाला. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र परंपरा आहे, हे पाश्चात्त्य विद्वानांना पटविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. घोडनदीच्या स्थानकात अंतगड सूत्राचे वाचन चालू असताना ती आपल्या खोलीत याकोबींचे उत्तराध्ययन उघडून बसे. दादीजींच्या तोंडून ऐकलेल्या गाथा परक्या भाषेत वाचताना तिला प्रथमच त्यांचा अर्थ थांबून पाहावा लागला.

संवत्सरीच्या दिवशी तिने उपवास केला, प्रतिक्रमण केले आणि घरी खमतखामणा करण्यासाठी दूरध्वनी लावला. प्रथेप्रमाणे सगळ्यांनी “मिच्छामि दुक्कडं” म्हटले. दादाजींची पाळी आली तेव्हा ती थांबली. “जाणता-अजाणता” हे शब्द आज म्हणवत नाहीत, कारण हे जाणूनच केले आहे, असे म्हणून तिने सारे सांगितले : पाचाचा अर्थ, दोन परीक्षा, उरलेली एक संधी.

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादाजी बोलले, आणि त्यांनी जे सांगितले ते घरात कोणी कधी ऐकले नव्हते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी उधारीवर दिलेला माल बुडाला होता. तरुण वय, वडिलांचा धाक. ती खोट त्यांनी वहीत दाखविली नाही. इकडचे तिकडे करून दिवाळीचे वहीपूजन पार पाडले. ती उघडी पडेपर्यंत दोन वर्षे त्यांना शांत झोप नव्हती. “बाळ, लिहिलेली खोट एकदाच लागते. न लिहिलेली खोट रोज व्याज मागते. तू लिहिलीस. आता व्याज थांबले.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर दादाजी स्वतः शेजारच्या दुकानांत गेले. ज्यांना पेढे दिले होते, त्यांना त्यांनी सांगितले, “निकाल वाचण्यात माझी चूक झाली. मुलीचा एक विषय राहिला आहे, ती पुन्हा बसते आहे.” ज्या बाजारात पत हेच भांडवल, तेथे ऐंशी वर्षांच्या माणसाने हे सांगणे सोपे नव्हते. दोन-चार कुजबुजी झाल्या. पण आश्चर्य असे, की त्याच आठवड्यात एक कापड व्यापारी संध्याकाळी येऊन बसले आणि ऑस्ट्रेलियात असलेल्या आपल्या मुलाविषयी, तो महिनाभर नीट बोलत नाही याविषयी, पहिल्यांदाच बोलले.

पप्पांनी वेगळाच हिशेब केला. आणखी एक सत्र लागले तर सहा महिन्यांचे ५,६०४ युरो, म्हणजे पाच लाखांवर रुपये. ते कोठून उभे राहतील, हे त्यांनी लेकीला आकड्यानिशी कळविले आणि खाली एकच ओळ लिहिली : “पैशाची काळजी आमची, विचारण्याचे काम तुझे.”

ती प्राध्यापकांच्या खोलीत गेली. त्यांनी तिला सांगितले, की पुस्तकातील उदाहरणे सोडून स्वतःच्या ओळखीचे आकडे घे. तिने पप्पांकडे मुगाचे जुने भाव मागितले. त्यानंतर रोज रात्री दुकान वाढविल्यावर पप्पा जुन्या वह्यांची पाने काढून त्यांची छायाचित्रे पाठवू लागले. कोणत्या साली पाऊस लांबला, कधी आवक तुटली, हे दादाजी शेजारी बसून सांगत. ज्या सूत्रांनी तिला दोनदा पाडले होते, ती घोडनदीच्या बाजारावर बसविताच उलगडू लागली. २०२५ च्या फेब्रुवारीत तिने तिसरी परीक्षा दिली. निकाल ३.० लागला. तेथील रीतीने तो साधारणच. पण या वेळी घरात प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक होता. पेढे आणले नाहीत. दादीजींनी शिरा केला.

मुलांना परदेशी पाठविताना खाखऱ्याचे डबे, मसाले, औषधे यांची यादी घरोघर काळजीने केली जाते. ती आवश्यकच आहे. परंतु दूर गेलेले मूल अन्नापेक्षाही एका गोष्टीला अधिक मुकते : हरल्याचे सांगता येईल असे कान. “तुझ्यावर फार आशा आहे” हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, आणि तेच कधी कधी त्याचे तोंड बंद करते. प्रत्येक दूरध्वनीवर केवळ जमेची बाजू ऐकणारे घर अर्धीच वही वाचत असते.

शिक्षण संपल्यावर तिने तेथे राहावे की परतावे, हे अद्याप ठरलेले नाही आणि तिला कोणी विचारतही नाही. ठरले आहे ते एवढेच : रविवारी दूरध्वनी लागला की पहिला प्रश्न असतो, “या आठवड्यात काय चुकले?” ती सांगते. मग पप्पा सांगतात, कोणता माल महाग पडला, कोणती उधारी अडकली. दादाजीही सांगतात. जमेचे बोलणे त्यानंतर सुरू होते.