वाळ्याचा वास

होळी झाली की नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी ताडपत्रीखालचा कूलर बाहेर निघायचा. त्याआधीच्या काळात खिडकीला नुसतीच वाळ्याची ताटी टांगलेली असे. बाबा तिच्यावर लोट्याने पाणी मारत. वारा असला तर खोली गार होई, नसला तर आम्ही वाऱ्याची वाट पाहत बसू. मग पत्र्याचा कूलर आला. त्याला तीन बाजूंनी ताट्या, खाली पाण्याची टाकी आणि आत खडखडणारा पंखा. ताट्या मात्र बाबा वाळ्याच्याच बसवून घेत. पहिलं पाणी झिरपलं की ओल्या मुळांचा गोडसर वास घरभर पसरायचा, आणि उन्हाळ्याला तोंड देता येईल असं वाटायचं.

कूलर एक आणि माणसं सात. झोतासमोरची जागा आजीची, बाकीच्या जागांसाठी रोज भांडण. आई दाराजवळ झोपायची. तिथवर झोत पोचतच नसे. विचारलं तर म्हणायची, "मले आवाज आयकू आला की गार वाटते." रात्री टाकी रिकामी झाली की पंप घरघरायचा. बादली घेऊन कुणी उठलं की अंधारातून तिचाच आवाज यायचा, "बटण बंद केलं का रे?" कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी आमच्याकडे उन्हाळ्यात वाचायला मिळतेच.

नोकरीसाठी ठाण्याला गेलो, तेव्हा हौसेने एक छोटा कूलर सोबत नेला. वास तोच आला, पण तासाभरात अंग चिकचिकलं, चादरी दमट झाल्या. शेजारी हसले. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, एवढीच कूलरची करामत. हवाच पाण्याने भरलेली असेल तर तो बिचारा काय करणार? मृगाच्या सरी आल्या की नागपुरातही तो असाच हात टेकतो. ज्या कोरड्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, त्याच्याच जिवावर आमचा गारवा उभा होता.

हे अंगाला कळलं ते २०१३ च्या मे महिन्यात. पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि मी सुट्टीवर आलेलो. डोक्याला दुपट्टा गुंडाळून सीताबर्डीहून भरदुपारी घरी पोचलो. दार उघडलं आणि वाळ्याचा झोत अंगावर आला. पुढची दोन मिनिटं मला काहीच नको होतं. बढती नाही, बदली नाही, पाणीसुद्धा नाही.

आता मी नागपुरातच आहे. घरात तीन खोल्यांना तीन एसी. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला दारं बंद. बंद दारांआड जो तो गार असतो आणि जागेवरून कुणी भांडत नाही.

गेल्या नवतप्यात एका रात्री व्होल्टेज इतकं पडलं की एसी चालेनात. गच्चीवरचा जुना कूलर खाली आणला. तो रडतखडत का होईना, फिरू लागला. पोरं उशा घेऊन हॉलमध्ये आली, जागेवरून कडाक्याची भांडली आणि झोपली. मी दाराजवळ आडवा झालो. झोत पोचत नव्हता. आवाज येत होता.

मध्यरात्री पंप घरघरला. मुलगा बादली घेऊन उठला. डोळे न उघडताच मी विचारलं, "बटण बंद केलं का रे?"