ओटीपर्यंत पोहोचणारी लहर

हे पान तुम्ही कुठे बसून वाचत आहात, याची मी नेहमी कल्पना करतो. कदाचित छापील पुस्तिका तुमच्या हाती असेल. कदाचित ती अजून अभ्यासकेंद्रावर यायची असेल आणि कोणाच्या तरी ओटीवर बसून तुम्ही ती मोबाइलवर उतरवून घेतली असेल. ही दुसरी शक्यता माझ्या अधिक परिचयाची आहे, कारण गेली काही वर्षे ती ओटी माझ्या घराची आहे.

सुरगाण्यातले माझे घर जुने आहे. पुढे पत्र्याच्या पडवीखाली ओटी, तिच्यामागे हातभर जाडीची दगडमातीची भिंत आणि भिंतीपलीकडे माजघर. इंटरनेटची फायबर तार मागच्या अंगणातून आली आणि जिथे आली तिथेच, देवघराच्या कोनाड्याशेजारी, राऊटर बसला. बसवणाऱ्याला तार वाचवायची होती आणि मला वाद घालायचा नव्हता. आम्हा दोघा नवराबायकोचे काम त्यावर उत्तम चालत होते. अडचण होती ती ओटीवरच्या मंडळींची. उंबरठाण, बाऱ्हे या बाजूच्या पाड्यांवरून बाजाराच्या दिवशी येणारे विद्यार्थी माझ्याकडे थांबतात. त्यांच्यापैकी काहींच्या पाड्यावर मोबाइलला रेंज हवी असेल, तर टेकाडावरचे ठरावीक झाड गाठावे लागते.

गेल्या पावसाळ्यात परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एक विद्यार्थिनी भिजत आली. अर्ज भरून झाला होता, फक्त छायाचित्र चढत नव्हते. पडद्यावरचे वर्तुळ फिरत राहिले. मी म्हटले, “आत येऊन बस, आत चांगले चालते.” ती म्हणाली, “इथंच बरं आहे सर, पाय चिखलाचे आहेत.” पाय धुवायला अंगणात पाणी होते, हे तिलाही दिसत होते आणि मलाही. शेवटी तिचा मोबाइल घेऊन मीच माजघरात गेलो. “आता पाठवू का?” मी आतून विचारले. “पाठवा सर,” ती उंबऱ्यापलीकडून म्हणाली. अर्ज गेला. एका मुलीचे वर्ष वाचले, पण ते माझ्या हातून वाचावे लागले, हे मनाला लागून राहिले. आमच्या घराने परक्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या जिथे थांबवले होते, नेमक्या त्याच भिंतीशी ही अदृश्य लहरही थांबत होती.

राऊटर बदलायचा, असे त्या रात्री ठरले. पुण्याहून मुलगा म्हणाला, “बाबा, आता घेताच आहात तर वाय-फाय ६ घ्या.” दिंडोरीमार्गे नाशिकला गेलो, तर दुकानदारानेही खोक्यावरचा मोठा आकडा दाखवला. येथे क्षणभर थांबा, कारण हा आकडा भल्याभल्यांना फसवतो. खोक्यावर १२०० लिहिलेले असते, तेव्हा त्यात एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मेगाबिट मिळवून वर थोडी भर घातलेली असते. तुमचा मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. शिवाय माझ्या घरी तारेतून येणारा वेगच ४० मेगाबिटचा. नळाला बोटभर धार असताना मोठा हंडा आणून पाणी वाढत नाही.

खरा प्रश्न त्या दोन पट्ट्यांचा होता. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. आखूड लहर वेगवान खरी, पण भिंत तिला लवकर दमवते. त्यात आमच्याकडचा पाऊस. मातीची भिंत चार महिने पाणी पिऊन बसलेली असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. वरचा पत्रा तर त्या परतवूनच लावतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात विद्युतचुंबकीय लहर भिंतीपार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. सुरगाण्याच्या आषाढातली भिंत त्यांच्या वाट्याला आली नव्हती, एवढेच म्हणतो.

वाय-फाय ६ वाईट नाही. २०२१ मध्ये मान्य झालेले हे मानक एकाच वेळी अनेक यंत्रांना सांभाळण्यात जुन्यापेक्षा सरस आहे, आणि ओटीवर दहा मोबाइल असतात तेव्हा हा गुण मोलाचा ठरावा. परंतु तो पुरता लाभायचा तर मोबाइलही त्याच पिढीचा लागतो. माझ्या ओटीवर येणारे बरेचसे मोबाइल मोठ्या भावाने वापरून दिलेले असतात. काहींना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतच नाही.

म्हणून मी दोन पट्ट्यांचा साधा राऊटर घेतला आणि सोबत पंधरा मीटर लॅन तार. नवा राऊटर माजघरात ठेवला. जुना टाकून न देता ओटीच्या खिडकीत बसवला आणि दोघांना तारेने जोडले. भिंत ओलांडण्याचे काम तारेने केले. हवेतल्या लहरीला आता फक्त ओटी भरायची होती. असे करताना जुन्या राऊटरचे यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम बंद करावे लागते, नाहीतर एका घरात दोन कारभारी होतात. हे न कळल्यामुळे माझे दोन दिवस गेले. उरलेल्या पैशांत दोन्ही राऊटरसाठी बॅटरीचे छोटे यूपीएस घेतले. वीज गेली तरी ते तीन-चार तास तग धरतात, आणि पावसाळ्यात आमच्याकडे राऊटरच्या वेगापेक्षा हेच अधिक उपयोगी पडते.

आता ओटीवर सारे सुरळीत चालते. खिडकीखाली पासवर्ड खडूने लिहिला आहे. विद्यार्थी येतात, पुस्तिका उतरवतात, स्वाध्याय पाठवतात आणि जातात. कोणाला मला हाक मारावी लागत नाही. पहिल्या आठवड्यात याचा आनंद झाला. मग ध्यानात आले, की माजघरात येण्याचे जे एक कारण होते, तेही मीच काढून टाकले आहे. त्यामुळे ओटीवर जाणारा चहा हल्ली मी माजघरातच ठेवायला सांगतो आणि आतूनच हाक मारतो. परवा दोघे जण पाय धुऊन आत आले. ती मात्र अजून पायरीवरच बसते.